मागच्या वेळचा ड्रॉप

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते. “ताई, डोळ्यात काडी लागली. तो ड्रॉप द्या ना, मागे आत्याला दिला होता, तोच.” नाशिकला दिंडोरी रोडवर एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावचे बागाईतदार मार्केट यार्डात येतात, पेठ-सुरगाण्याहून मजूर छाटणीला येतात, आणि डोळ्याला काही झालं की यातले बरेच जण आधी दवाखान्यात न जाता औषधाच्या दुकानात येतात.

मागच्या हंगामात असाच एक पंचविशीतला मुलगा मेव्हण्याच्या गाडीवर मागे बसून आला. उजव्या डोळ्यावर रुमाल धरलेला. बोलत होता तो मेव्हणाच. “तीन दिवस झाले ताई. पहिल्या दिवशी लालभडक होता. घरात आजीच्या ऑपरेशनचा ड्रॉप होता, तो टाकला, लगेच उतार पडला. आता संपलाय, एक द्या.” त्याने खिशातून रिकामी बाटली काढून काउंटरवर ठेवली. मी मुलाला रुमाल बाजूला करायला सांगितला. लाली खरंच कमी होती. पण ट्यूबलाइटकडे तोंड केल्याबरोबर त्याने डोळा गच्च मिटला आणि गालावर पाणी ओघळलं. पुन्हा हळूच उघडला तेव्हा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा, आणि त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या.

मी ड्रॉप दिला नाही, चिठ्ठीवर डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला आणि आत्ताच जा म्हणून सांगितलं. तपासणीत बुबुळात बुरशी निघाली. सुरुवातीला जागेपणी दर तासाला औषध, मग हळूहळू कमी, असे दोन महिने गेले. डोळा वाचला, पण मधोमध फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने त्याला आता माणूस उभा आहे एवढं कळतं, चेहरा ओळखू येत नाही.

आजीच्या बाटलीने नेमकं काय केलं, हे मला नीट उलगडून सांगायचंय. डोळ्याच्या ड्रॉपबद्दल बाकी जे सांगायचं, ते सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे.

त्या बाटलीत दोन औषधं होती. एक जंतू मारणारं अँटिबायोटिक, दुसरं सूज दाबणारं स्टिरॉइड. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ही जोडी अगदी योग्य असते. ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून पहिलं आणि डोळ्याच्या आतली सूज उतरावी म्हणून दुसरं. मुलाच्या डोळ्यात मात्र द्राक्षाच्या काडीने ओरखडा काढला होता. झाडाच्या काडीवर, पानावर, मातीत फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी असतात. बुबुळाचं वरचं पातळ आवरण शाबूत असेल तर त्या सहसा आत शिरत नाहीत, ओरखडा पडला की त्यांना वाट मिळते. बुरशी मारणं हे अँटिबायोटिकचं कामच नाही, ते जिवाणूंसाठी असतं. म्हणजे त्या जोडीतलं एक औषध इथे निरुपयोगी होतं आणि दुसरं घातक.

स्टिरॉइड घातक का? डोळा लाल होतो तो शरीर लढत असतं म्हणून. रक्तवाहिन्या फुगतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, सूज येते, ठणका लागतो. हा त्रास आपल्याला नकोसा वाटतो, पण तीच आपली फौज असते. स्टिरॉइड ही फौज मागे बोलावतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, डोळा बरा दिसायला लागतो आणि आत बुरशी मोकळी सुटते. घरात चोर शिरलाय, कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकतोय आणि आपण झोपमोड होते म्हणून कुत्र्याचंच तोंड बांधलं, तसं हे झालं. पहिल्या दिवशी पडलेला तो ‘उतार’ हाच सगळ्यात मोठा धोका होता. तो पडला नसता तर मुलगा दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला असता.

हर्पिसच्या विषाणूचंही असंच. ओठावर तापाचे फोड आणणारा हा विषाणू बुबुळावर फांद्याफांद्यांची जखम करतो. वरून तो साधा लाल डोळा वाटतो. त्यावर नुसतं स्टिरॉइड पडलं की जखम पसरत आणि खोल जाते. डॉक्टर डोळ्यात नारिंगी-पिवळा रंग टाकून निळ्या उजेडाखाली बघतात ते याचसाठी. ओरखडा, जखम, तिचा आकार त्या रंगात उठून दिसतो. बुरशीची शंका असली तर जखमेवरचं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. बुरशीसाठी नॅटामायसिन हे जुनं औषध आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. म्हणजे औषध आहे, पण आधी बुरशी आहे हे कळायला हवं. काउंटरच्या या बाजूने, मोबाइलच्या टॉर्चमध्ये, ते मला कळू शकत नाही आणि कुठल्याही दुकानदाराला कळू शकत नाही.

लाल डोळा म्हणजे एक आजार नव्हे

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. त्या दिवसांत आमच्याकडे रांगा लागल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकाला अँटिबायोटिक ड्रॉप हवा होता. अशा साथी बहुधा विषाणूच्या असतात, ॲडिनोव्हायरस त्यातला नेहमीचा. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. डोळा एक-दोन आठवड्यांत आपला आपण बरा होतो. गार पाण्याच्या घड्या, वेगळा टॉवेल, सारखे हात धुणं, हेच खरं काम. वरून जिवाणूंचा संसर्ग झालाय असं डॉक्टरांना वाटलं तर ते अँटिबायोटिक देतात, तो त्यांचा निर्णय.

नुसतं बघून डोळे येतात ही समजूत अजून जात नाही. बघून येत नाहीत, हाताने येतात, उशीच्या अभ्र्याने, टॉवेलने येतात. आणि आणखी एक वाट आहे जिच्याकडे लक्ष जात नाही, ती म्हणजे ड्रॉपची बाटली. एका घरात चौघांचे डोळे आले आणि एकाच बाटलीतून चौघांच्या डोळ्यांत थेंब पडले, तर बाटलीचं तोंड प्रत्येकाच्या पापणीला लागून आजार पुढे सरकवत राहतं. एक माणूस, एक बाटली. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन काही दिवसांच्या अंतराने झालं तर अनेक डॉक्टर प्रत्येक डोळ्याला वेगळी बाटली द्यायला सांगतात, तेही याच कारणाने.

ढोबळ खुणा सांगते, त्यावरून स्वतः निदान करू नका. सकाळी पापण्या चिकटलेल्या, घट्ट पिवळी-हिरवी चिपडं येतात, तेव्हा जिवाणूंचा संशय जास्त. पाण्यासारखा स्राव, आधी एक डोळा मग दुसरा, कानापुढे गाठ दुखते, तर विषाणू. दोन्ही डोळ्यांना खाज, चोळल्याशिवाय राहवत नाही, तर ॲलर्जी. पण बुबुळाची जखम, डोळ्याच्या आतली सूज म्हणजे युव्हायटिस, अचानक वाढलेला काचबिंदूचा दाब, या तिन्हींत डोळा लालच असतो आणि तिन्हींचं औषध वेगळं. काचबिंदूच्या झटक्यात तर डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात आणि माणसाला पित्त झालंय असं वाटून घरात लिंबू-सोडा दिला जातो.

खोक्यावर बघा

एवढी गोष्ट घरातल्या एकाने तरी शिकून घ्यावी. ड्रॉपच्या खोक्यावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठं असतं आणि आतल्या औषधाचं नाव बारीक. बारीक नाव वाचा. त्यात ‘सोन’, ‘लोन’ किंवा ‘प्रेड’ सापडलं तर बहुतेक ते स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, सगळी त्याच घराण्यातली. मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिक. पुष्कळदा एकाच नावाचा साधा ड्रॉप असतो आणि त्याच नावापुढे ‘डी’ लावलेला दुसरा असतो. तो ‘डी’ बहुधा डेक्सामेथासोनचा. दोन्ही खोकी जवळजवळ सारखी दिसतात. एका अक्षराचा फरक, पण बुबुळाला जखम असलेल्या माणसासाठी त्या अक्षरावर डोळा अवलंबून असतो.

स्टिरॉइडचे ड्रॉप ‘शेड्यूल एच’मध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत. हे खोक्यावर छापलेलं असतं. तरी ते विकले जातात, हे मी इथे लपवणार नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही वर्षभरापूर्वीच्या चिठ्ठीवर असे ड्रॉप दिलेत. गिऱ्हाईक ओळखीचं, “मागे याच्यानेच बरं वाटलं होतं” म्हणतं, आणि आपण देतो. ते थांबलं एका शाळकरी मुलामुळे.

दहा वर्षांचा असेल. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे खाजायचे, चोळून चोळून लाल व्हायचे, दोऱ्यासारखा चिकट स्राव यायचा. ही मुलांमधली ॲलर्जी कोरड्या, धुळीच्या, उन्हाच्या दिवसांत बळावते आणि मुलींपेक्षा मुलांना जास्त होते. डॉक्टरांनी एकदा पंधरा दिवसांसाठी स्टिरॉइड ड्रॉप लिहिला होता. तो टाकला की खाज तासाभरात जायची. मग संपला की आई आणायची. कधी आमच्याकडून, कधी दुसरीकडून. वर्ष गेलं. शाळेत फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चष्म्याचा नंबर काढायला नेलं तेव्हा डोळ्यातला दाब पहिल्यांदा मोजला गेला. तो खूप वाढलेला होता आणि मागच्या नसेला इजा झाली होती.

डोळ्यात आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून झिरपून बाहेर जात असतं. स्टिरॉइडमुळे काहींची ही जाळी बुजत जाते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. मोठ्या माणसांत साधारण तिघांत एकाचा दाब काही आठवडे स्टिरॉइड ड्रॉप घेतल्यावर थोडाफार वाढतो आणि शंभरातल्या पाचेकांचा खूपच वाढतो. ज्यांना काचबिंदू आहे किंवा घरात कुणाला आहे, ज्यांना मधुमेह किंवा मोठा मायनस नंबर आहे त्यांना धोका जास्त, आणि लहान मुलांना तर लवकर होतो. या दाबाला ठणका नसतो, लाली नसते. कडेची नजर हळूहळू आटत जाते, मधली शेवटपर्यंत बरी राहते, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेली नजर कुठल्याच औषधाने परत येत नाही. शिवाय स्टिरॉइड लांबलं की तरुण वयातही मोतीबिंदू होतो. ‘सौम्य’ म्हणून दिले जाणारे लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन दाब कमी वाढवतात, पण वाढवतच नाहीत असं नाही.

म्हणून आता कुणाच्याही हातात स्टिरॉइड ड्रॉपची चिठ्ठी दिसली की मी एक प्रश्न विचारते, “किती दिवस टाकायचा सांगितलाय, आणि दाब कधी मोजायचा?” चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तर परत जाऊन विचारून या म्हणते. काही रागावतात.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच होते आणि तीही सांगायला हवी. स्टिरॉइड वाईट असं ऐकून लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा ड्रॉप आठवड्यात बंद करतात. किंवा युव्हायटिसचा रुग्ण डोळा पांढरा दिसायला लागला म्हणून थांबवतो. स्टिरॉइड एकदम तोडलं की दाबलेली सूज उसळून वर येते, पहिल्यापेक्षा जास्त. युव्हायटिसमध्ये हा ड्रॉप नजर वाचवतो, त्याला दुसरा सोपा पर्याय नाही. म्हणूनच डॉक्टर उतरता क्रम लिहून देतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं एकापर्यंत. हा उतार डॉक्टरांनी लिहिला असेल तसाच उतरायचा. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकटीत तेवढ्या उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. थेंब पडला की सासूबाई एक रेघ आडवी छेदायच्या. दीड महिना एकही चुकला नाही.

थेंब पडतो कुठे

त्याच दिवसांत मला कळलं की वीस वर्षं मी ड्रॉप विकत होते, पण लोक ते घरी कसे टाकतात हे कधी बघितलंच नव्हतं. सासरे खुर्चीत बसायचे, मान थोडी मागे. बाटली वीतभर वरून धरायचे आणि दाबायचे. पहिला थेंब भुवईवर. दुसरा नाकाच्या दांड्यावर. तिसऱ्या वेळी बाटली इतकी खाली आणायचे की तिचं तोंड पापणीच्या केसांना टेकायचं. थेंब आत गेला की ते डोळा मिचकाव-मिचकाव करायचे आणि धोतराच्या सोग्याने पुसून टाकायचे. दोन दिवसांत निम्मी बाटली संपली होती आणि डोळ्यात किती गेलं होतं देव जाणे.

मग आम्ही पद्धत बसवली. आधी साबणाने हात धुवायचे. पलंगावर आडवं व्हायचं, किंवा मान पूर्ण मागे टाकायची. डाव्या हाताच्या तर्जनीने खालची पापणी हलकेच खाली ओढली की डोळा आणि पापणी यांच्यामध्ये छोटी खोबणी तयार होते. थेंब त्या खोबणीत पाडायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की माणूस दचकतो आणि डोळा मिटतो. बाटली बोटभर अंतरावर, कशालाही न टेकता. हात कापत असतील तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवला की स्थिर होतो. नजर वर छताकडे. एकच थेंब. मग डोळा अलगद मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब द्यायचा.

त्या कोपऱ्यात अश्रू नाकात उतरायची नळी असते. टाकलेलं औषध तिथून नाकात, घशात जातं, म्हणून बऱ्याच जणांना ड्रॉप टाकल्यावर जीभ कडू लागते. ती नळी दाबून धरली की औषध डोळ्यातच थांबतं आणि अंगात कमी भिनतं. काचबिंदूच्या टिमोलॉल ड्रॉपसाठी तर हे फार महत्त्वाचं, कारण ते अंगात गेलं तर दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. दमा असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना तो आधीच सांगा. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध, असं समजून लोक गप्प राहतात.

दोन थेंब टाकले तर जास्त गुण येतो का, असं सासऱ्यांनीच विचारलं होतं. येत नाही. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम ३० मावतात. एकाच थेंबाने डोळा भरून वाहतो, दुसरा सरळ गालावर येतो. पाच मिलीच्या बाटलीत शंभर-दीडशे थेंब असतात. हिशोबाने टाकले तर बाटली पुरते.

दोन वेगळे ड्रॉप असले तर मध्ये किमान पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. पाण्यासारखा पातळ ड्रॉप आधी, दुधासारखा गढूळ नंतर, ट्यूबमधलं मलम सगळ्यात शेवटी. गढूळ ड्रॉपमध्ये औषधाचे कण तळाशी बसलेले असतात. प्रेडनिसोलोन ॲसिटेट, नॅटामायसिन असे. ती बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवायची. न हलवता टाकली तर सुरुवातीचे दिवस नुसतं पाणी जातं आणि शेवटी शेवटी औषधाचा जाड गाळ. ऑपरेशन झालं तरी सूज उतरत नाही म्हणून काळजीत पडलेल्या एका मावशींची अडचण एवढीच निघाली होती.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी डोळा लाल असेपर्यंत लेन्स लावूच नये. एरवीही पुष्कळ ड्रॉपमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्याचं द्रव्य असतं, ते मऊ लेन्स शोषून घेते. लेन्स काढून ड्रॉप टाकायचा आणि पंधरा मिनिटांनी परत लावायची.

बाटलीची तारीख

खोक्यावरची एक्सपायरी ही न उघडलेल्या बाटलीची असते. झाकण उघडलं की बहुतेक ड्रॉप २८ दिवसांत टाकून द्यायचे, खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळायचं. आत औषध शिल्लक दिसतं आणि टाकवत नाही, मला समजतं. दीडशे-दोनशे रुपयांची बाटली असते. पण रोज उघडून-मिटून बाटलीत हवा जाते, पापणीचा स्पर्श होतो, आणि टिकवण्याच्या द्रव्यालाही मर्यादा असते. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत स्यूडोमोनास या चिवट जिवाणूची साथ आली होती आणि तिथल्या तपासात रुग्णांनी वापरलेल्या कृत्रिम अश्रूंच्या उघड्या बाटल्यांमध्ये तोच जिवाणू सापडला. ८१ रुग्ण, त्यातल्या १४ जणांची नजर गेली. डोळ्यात टाकायची वस्तू दूषित असली तर काय होतं हे त्यावरून कळतं.

मी आता काउंटरवरच बॉलपेनने बाटलीच्या लेबलवर एक रेघ मारून देते, “उघडाल तेव्हा इथे तारीख लिहा.” खोकं फेकू नका असंही सांगते. कानाचे ड्रॉप, डोळ्याचे ड्रॉप, चामखिळीचं औषध, चिकटवायचा गोंद, सगळ्यांच्या बाटल्या रात्रीच्या अंधारात सारख्याच लागतात हाताला. ड्रॉपची जागा घरात वेगळी असावी आणि दिवा लावून, नाव वाचून टाकावा. फ्रिजमध्ये ठेवायचा की नाही हे लेबलवर बघा. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाटली विसरली असेल तर ती वापरू नका.

बागेत, कारखान्यात, घरात

छाटणीनंतर वेलीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून वेलीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, शिवाय बोर्डो मिश्रण, गंधक फवारतात. यातलं काही डोळ्यात उडालं तर पहिलं औषध पाणी. ड्रॉप शोधू नका, दुकान शोधू नका. जवळ जे स्वच्छ पाणी असेल त्याने पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा, मग दवाखान्यात जा आणि औषधाचा डबा सोबत न्या. तंबाखूचा चुना लहान मुलांच्या हातात लागतो, पुडी दाबली की डोळ्यात उडतो. तिथेही हेच. चुना बुबुळ जाळत आत जातो, पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर डोळा वाचायची आशा असते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून रात्री वेल्डिंगची चमक लागलेली मुलं येतात. डोळ्यात मिरची भरल्यासारखं होतं त्यांना. त्यातला एखादा “तो बधिर करायचा ड्रॉप द्या” म्हणतो, कारण कुणीतरी एकदा दवाखान्यात टाकलेला असतो. तो डॉक्टरांनी तपासायला वापरायचा थेंब असतो. घरी वारंवार टाकला तर बुबुळाची जखम भरतच नाही आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. तो कुणालाही मिळता कामा नये.

आणि अंगावरचं दूध, मध, गुलाबपाणी, एरंडेल, यातलं काहीही दुखऱ्या डोळ्यात घालू नका. गावाकडे अजून कुणी जिभेने डोळ्यातलं कुसळ काढून देतं. मायेने करतात, पण तोंडातले जंतू थेट ओरखड्यावर जातात.

ज्यांनी घरी थांबायचंच नाही त्यांच्यासाठी खुणा अशा. नजर अंधुक झाली. उजेड सहन होत नाही. बुबुळावर पांढरं दिसतं. काडी, पात, लोखंडाचा कण लागलाय. लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झालाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं किंवा लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, मग डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चार दिवसांवर असली तरी. तान्ह्या बाळाचे डोळे चिकटताहेत. यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. रात्र असेल तर नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तातडीचा विभाग चालू असतो. जाताना घरात आधी जो काही ड्रॉप टाकला असेल त्याची बाटली, रिकामी असली तरी, बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्या मुलाच्या मेव्हण्याने माझ्या काउंटरवर ठेवलेली बाटली मी त्यांच्याबरोबरच परत पाठवली होती. त्यावरचं बारीक नाव वाचून डॉक्टरांनी आधी तो स्टिरॉइडचा ड्रॉप पुन्हा आणायचा नाही म्हणून बजावलं.